वजा एकोणीस अंश

गेल्या मंगळवारी माझ्या हातून एक बोर्ड जळला.
जनरेटरच्या पडद्यावर पहिल्या चॅनेलचा लोड
पन्नास ओहम राहून गेला होता,
आणि समोरचं कार्ड कसलाच भार न घेणारं.
मशीनला वाटलं, पलीकडे आपल्याच तोलाचं कुणी आहे,
अर्धं तर आपल्याच पोटात जिरणार,
म्हणून त्यानं दुप्पट धाडलं.
जिरलं काहीच नाही.
वास आला. टिपणीस सर बोलले नाहीत,
उठून पंखा तेवढा वाढवला.

म्हणून आज हात आधी तिथेच जातो.
चॅनेल एक, लोड, हाय-झी. चॅनेल दोन, लोड, हाय-झी.
मग पुढचं.

आम्ही रबाळ्यात फ्लॅप-गेटचे कंट्रोलर बनवतो.
खाडी चढली की धारण तलावाचं दार लावायचं,
उतरली की सोडायचं.
टेस्टिंगला साधी साइन पुरते, कागदावर तसंच आहे.
पण माझा हिराजीमामा गोठिवलीच्या खारीत
उघाडी सांभाळायचा,
बांधातलं सागाचं दार, गुडघाभर चिखल, एक कंदील.
(तिथून आता कंटेनर वळतात.)
तो तिथीची पाऊणपट करायचा, बोटांच्या पेरांवर.
चौथ, तीनला भरती.
आठम, सहाला, पण भांगाची, तिला कोण विचारतो.
अवस, सव्वा अकरा,
तेव्हा मात्र बांधावर दोन माणसं हवीत.

चॅनेल एक, चंद्र. बारा तास पंचवीस मिनिटं. अडीच व्होल्ट.
चॅनेल दोन, सूर्य. बारा तास नेमके.
मोठा असला तरी लांबचा, त्याला एकच व्होल्ट.
ऑफसेट अडीच, तोही एकालाच,
दोघांना दिला तर बेरीज पाचाच्या वर
आणि पुन्हा तो वास.
कम्बाइन चालू.

आधी घाईची फेरी, तासाला एक मिलिसेकंद.
स्कोपवर लाट फुगते, रोडावते, फुगते,
उधाण, भांग, उधाण,
पापणी लवेतो पंधरवडा सरतो,
रिले दाताखाली फुटाणे फोडल्यासारखा वाजतो.
कार्ड पास.
"झालं, पॅक करा," सर म्हणाले, डबा उचलून निघाले.

शनिवार होता. अवस होती.
मी फ्रिक्वेन्सी खाली आणत गेले,
हर्ट्झ, मिलीहर्ट्झ, मग बावीस मायक्रोहर्ट्झ,
यापेक्षा हळू फक्त खरी खाडी.
दोन्ही चॅनेलची फेज नव्वद.
घड्याळात सव्वा अकरा झाले तसं
अलाइन दाबलं, मग आउटपुट.
आत कुठेतरी टक्. दोन हिरवे दिवे.
पडद्यावरचा ठिपका जागचा हलेना.
वॉचमन जाधवांना वाटलं, बंद पडलंय.

रविवारी परत गेले.
बाराला आठ मिनिटं असताना ठिपका टोकाला पोचला,
कार्डाची खात्री झाली, आता पाणी उतरणार.
मी स्कूटर काढली, ऐरोलीला तलावाकाठी
रंगवलेली काठी आहे तिथे उभी राहिले.
पाणी चढतच होतं.
तिवरांच्या मुळ्या एकेक करून गिळत,
थर्माकोलचा तुकडा आत, आणखी आत ढकलत.
साडेबाराला थबकलं.

मामाला फोन लावला. म्हटलं,
पाऊणपट चुकली तुझी, अडतीस मिनिटांनी.
पलीकडे टीव्ही चालू होता. तो खोकला.
"ती दर्याची येल गो.
खारीन पानी पोचाला टाइम लागतं.
आमी बांधावर तंबाखू मलून खायाचो तवर."

तेवढ्या तंबाखूचे किती अंश होतात
हे मी उन्हात फोनवरच मांडलं.
सोमवारी सर यायच्या आत
दोन्ही चॅनेलना वजा एकोणीस दिले,
सेव्ह करताना मशीननं नाव विचारलं.
आठच अक्षरं बसतात.
मी लिहिलं, हिराजी.